बोट कोणाचे कापले? सुरी, जखम आणि नोंद यांचा इतिहास

गेल्या भीमजयंतीच्या आदल्या रात्री आमच्या वस्तीतल्या विहारात भोजनदानाची तयारी चालू होती. कांदे, बटाटे आणि कोबीचा ढीग पडला होता. दहा-बारा मुले सुऱ्या आणि विळ्या घेऊन बसली होती. गप्पा चालू, मोबाइलवर भीमगीते चालू. तेवढ्यात एकाची सुरी कांद्यावरून घसरली आणि डाव्या हाताच्या तर्जनीत शिरली. रक्त पाहताच कोणी हळद आणायला धावले, कोणी चुना. एका शहाण्याने कॉफीची पूड सुचवली. आयुष्यभर चपलांच्या कारखान्यात रापी चालवलेले एक काका तिथे बसले होते. ते म्हणाले, "काही लावू नका. आधी नळाखाली धर, साबणाने धू. मग स्वच्छ फडक्यानं दाबून धर आणि हात वर ठेव. दहा मिनिटं सोडायचं नाही. उघडून बघायचं तर अजिबात नाही."

रक्त थांबल्यावर काकांनी ती सुरी उचलून पाहिली. "बोथट आहे. बोथट सुरीच माणसाला कापते. धारेच्या सुरीला जोर लावावा लागत नाही, म्हणून ती घसरत नाही." मग त्यांनी पाटाखाली ओले फडके घातले, भाजी धरताना बोटांची टोके आत कशी दुमडायची ते दाखवले. दुसऱ्याच्या हातात सुरी देताना मूठ त्याच्याकडे करायची. आणि हातातून सुटलेली सुरी कधीही झेलायची नाही, पाय मागे घ्यायचा आणि तिला पडू द्यायचे.

आमच्यातला एक पदवीधर कार्यकर्ता हसून म्हणाला, "काका, आता हे रापीचं शास्त्र सोडा. बाबासाहेबांनी आपल्या हातात पेन दिलंय." सगळे हसले, पण काका हसले नाहीत. मुलाला धनुर्वाताचे इंजेक्शन द्यायला घेऊन गेले.

हा लेख त्या वाक्यामुळे लिहावा लागत आहे. ते वाक्य आमच्यापैकी कोणीही बोलले असते, आम्हीही कैकदा बोललो आहोत. पण ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे आपल्या विरोधात जाते.

आधी युरोपातली एक घटना पाहू. 1847 चा मार्च महिना, शहर व्हिएन्ना. तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात याकोब कोलेच्का नावाचे न्यायवैद्यकाचे प्राध्यापक होते. शवविच्छेदन शिकवत असताना एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली. जखम किरकोळ होती, पण काही दिवसांत ते मेले. त्यांचे मित्र डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी कोलेच्कांच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचला आणि ते थबकले. त्यांच्या प्रसूतिगृहात बाळंतिणी ज्या तापाने मरत होत्या, त्याच खुणा या अहवालात होत्या. त्या रुग्णालयात दोन प्रसूतिविभाग होते. एकात सुईणी शिकत, दुसऱ्यात डॉक्टर. डॉक्टरांच्या विभागात बायका कितीतरी जास्त मरत. डॉक्टर सकाळी प्रेते कापत आणि त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत, सुईणी प्रेतांना हात लावत नसत. सेमेलवाइस यांनी मे महिन्यात क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये त्या विभागात 100 बाळंतिणींमागे 18 मरत होत्या. जूनमध्ये हा आकडा 2 च्या आसपास आला.

म्हणजे एका चुकून लागलेल्या सुरीतून जगाला हात धुण्याचे शास्त्र मिळाले. (जगाने ते लगेच घेतले असे नाही. सेमेलवाइस यांची टिंगल झाली आणि 1865 मध्ये ते मनोरुग्णालयात मेले, तेही जखम चिघळूनच. सत्य सांगणाऱ्याचे काय होते हे आपल्याला नव्याने शिकवायला नको.)

आता प्रश्न असा. कोलेच्कांच्या आधी शेकडो वर्षे आपले आजे-पणजे मेलेली गुरे फाडत होते. त्यांच्या हाताला सुरी लागत नव्हती काय? लागत होती. फाशी रोगाने, म्हणजे अँथ्रॅक्सने मेलेले जनावर सोलताना हातावरच्या बारीक जखमेतून रोग आत शिरतो आणि काळी खपली धरलेला फोड येतो. उपचार झाला नाही तर माणूस दगावू शकतो. असे किती मेले असतील? काही मोजदाद आहे काय? नाही. कारण त्यांच्या मरणाचा अहवाल लिहिणारे कोणी नव्हते आणि त्यांना स्वतः लिहायला बंदी होती. प्राध्यापकाचे बोट कापले तर विज्ञान पुढे जाते, महाराचे किंवा चांभाराचे बोट कापले तर "देवीचा कोप" होतो. जखम दोघांची सारखीच होती, फरक होता तो नोंदीत.

आता कोणी म्हणेल, भारतात शस्त्रक्रियेचे शास्त्र तर प्राचीन आहे, सुश्रुत होऊन गेला. आम्ही सुश्रुतसंहितेला नावे ठेवणार नाही, उलट ती नीट वाचावी असे म्हणू. तिच्यात हत्यारांचे आठ दोष सांगितले आहेत. वाकडे, तुटके, खरखरीत धारेचे हे तर आहेतच, पण "कुंठ" म्हणजे बोथट हाही त्यातला एक दोष आहे. काका जे बोलले तेच. धार लावायला उडदाच्या रंगाचा गुळगुळीत दगड आणि धार टिकवायला सावरीच्या लाकडाची फळी वापरावी, केस कापला गेला म्हणजे धार बरोबर लागली, असे तिथे लिहिले आहे. शिकणाऱ्याने आधी भोपळा, कलिंगड, काकडी कापून हात बसवावा. पाण्या-चिखलाने भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर सराव करावा, मेलेल्या जनावरांच्या शिरांवर टोचण्याचा सराव करावा. माणसावर हात टाकण्याआधी भाजीवर चुका करून घ्या, असा हा साधा शहाणपणा आहे.

पण त्या चामड्याच्या पिशव्या कोण शिवत होते? ती मेलेली जनावरे कोण ओढून आणत होते? ग्रंथात त्यांचे नाव नाही. आणि माणसाचे प्रेत अभ्यासायची वेळ आली तेव्हा काय सांगितले आहे ते पाहा. प्रेत पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे, कुजू द्यावे आणि मग वाळा, केस, बांबू यांच्या कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर उलगडावा. सुरी लावायची नाही! हाताशी इतकी हत्यारे असताना कुंचा का? आम्हाला तरी याचे उत्तर विटाळात दिसते.

हा विटाळ वैद्यालाही सुटला नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात कोणाचे अन्न खाऊ नये याची लांबलचक यादी आहे. चामडे कापणाऱ्याचे अन्न खाल्ल्याने यश नष्ट होते आणि वैद्याचे अन्न म्हणजे पू, असे दोन-तीन श्लोकांच्या अंतरात सांगितले आहे. रापी धरणारा आणि शस्त्रक्रियेचे हत्यार धरणारा, दोघेही एकाच यादीत. देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी प्राचीन भारतातल्या विज्ञानावरच्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा विस्ताराने मांडला आहे, की वैद्यकाच्या मुळावर पुरोहितशाहीचे कायदे उठले. 25 डिसेंबर 1927 ला महाडमध्ये जे पुस्तक जाळले गेले, त्याने फक्त अस्पृश्यांचे नुकसान केले असे समजू नका. त्याने या देशाच्या शस्त्रक्रियेचा हातच कापला.

मग ही विद्या गेली कुठे? ज्यांना विटाळाची भीती नव्हती त्यांच्याकडे. याचा पुरावा आपल्या पुण्यातला आहे. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक वृत्तान्त छापून आला. इंग्रज फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठी शेतकरी टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसवले. मुंबई इलाख्यातले दोन इंग्रज डॉक्टर, क्रूसो आणि फिंडले, हे बघत होते. हे वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी 1814 मध्ये तशीच शस्त्रक्रिया केली आणि तिथून ही पद्धत युरोपभर गेली. आज प्लॅस्टिक सर्जरीचा जनक म्हणून सुश्रुताचा जयजयकार करणाऱ्यांना एक विचारा. 1794 च्या त्या वृत्तान्तात पुण्याजवळ सुरी कोणाच्या हातात होती? तिथे लिहिले आहे, विटा पाडणाऱ्या जातीतल्या माणसाच्या. रोग्याचे नाव आहे, बघणाऱ्यांची नावे आहेत, नक्कल करणाऱ्याचे नाव तर पाठ्यपुस्तकात आहे. ज्याने केले त्याचे नाव नाही!

पुढे 1836 मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्त यांनी प्रेताला सुरी लावली, तेव्हा तोफांची सलामी दिल्याची गोष्ट सांगितली जाते. गुप्तांच्या धैर्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणाऱ्या डोम माणसासाठी कधी तोफ वाजली नाही, त्याला गावाबाहेर झोपडी मिळाली. आजही कितीतरी शवविच्छेदनगृहांत प्रत्यक्ष सुरी कोणाच्या हातात असते आणि अहवालावर सही कोणाची असते, हे तिथे एकदा जाऊन आलेल्याला सांगावे लागत नाही.

या सगळ्याच्या उलट एक परंपरा या देशात होती आणि ती आपली आहे. विनयपिटकातला चुल्लवग्ग काढा. त्यात अगदी छोट्या छोट्या गोष्टी आहेत आणि वाचणारे बहुधा त्या ओलांडून पुढे जातात. भिक्खू चीवराचे कापड हातांनी फाडून शिवत, ते वेडेवाकडे फाटे. बुद्धांनी कापायला पाते वापरण्याची परवानगी दिली, मग मुठीचे पाते वापरण्याची. शिवताना सुई बोटावर घेतल्याने बोटे दुखावू लागली, तेव्हा अंगुस्तान वापरायला सांगितले. (काही भिक्खूंनी लगेच सोन्या-चांदीची अंगुस्ताने आणली! तीही बंद करावी लागली आणि हाड, शिंग, बांबू, लाकूड अशी साधी चालतील असे ठरले. हौशी कार्यकर्ते प्रत्येक काळात असतात.) भिक्खू नखांनी नखे तोडत, भिंतीवर घासत आणि बोटे दुखत, म्हणून नखे काढण्याचे साधन आले. मग कोणी इतकी खोल नखे काढली की रक्त आले, तेव्हा नियम झाला की मांसाच्या पातळीपर्यंतच कापावे. वस्तऱ्याबरोबर त्याचा दगड आणि त्याचे म्यान यांनाही परवानगी आहे. म्हणजे उघडे पाते पिशवीत टाकायचे नाही.

महावग्गात याहून मोलाची एक गोष्ट आहे. एका वैद्याने भिक्खूच्या गुदद्वाराजवळच्या भगंदरावर हत्यार चालवले. बुद्धांनी त्या जागेवर आणि तिच्या भोवती दोन बोटांपर्यंत हत्यार चालवायला मनाई केली. कारण काय दिले? तिथली कातडी नाजूक असते, जखम भरून यायला कठीण असते आणि हत्यार सांभाळणे अवघड असते. विटाळाचा किंवा देवाच्या कोपाचा उल्लेखही नाही. कातडी, जखम आणि हत्यार एवढीच कारणे.

या नियमांची घडण बघा. आधी घटना घडते, कोणाला तरी लागते. ती घटना बुद्धांना सांगितली जाते. मग नियम होतो आणि त्या नियमाने नवी अडचण आली तर तो सुधारला जातो. ज्याला लागले त्याला पापी ठरवले जात नाही. आजच्या कारखान्यात ज्याला अपघाताची चौकशी म्हणतात, तिचेच हे रूप आहे.

आणि हा विनय पहिल्या संगीतीत, राजगृहाला, कोणी सांगितला? उपालीने. महाकश्यप प्रश्न विचारत होते आणि उपाली उत्तरे देत होता. उपाली कोण होता? शाक्यांचा न्हावी. शाक्य तरुण प्रव्रज्या घ्यायला आले तेव्हा त्यांनीच विनंती केली की आधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा माज उतरेल. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात उपालीच्या दीक्षेची कथा मुद्दाम घेतली आहे. ज्याच्या हातात आयुष्यभर वस्तरा होता, तोच संघाच्या सगळ्या नियमांचा, वस्तऱ्याच्या म्यानासकट, अधिकारी झाला. ब्राह्मणी व्यवस्थेत हे कल्पनेतही बसले नसते.

त्याच विनयात एखाद्या भिक्खूला चांभारकीवरून, न्हाव्याच्या किंवा कुंभाराच्या कामावरून टोमणा मारणे हा दोष सांगितला आहे. भोजनदानाच्या रात्री काकांना जो टोमणा मिळाला, त्याचा विचार आपण याच्याही उजेडात करायला हवा.

पण त्या टोमण्यामागचा आक्षेप खोटा नाही, त्याला टाळून पुढे जाता येत नाही. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे सांगितले. गावोगावच्या लोकांनी गुरे ओढणे बंद केले आणि त्यासाठी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. या कामात तुमच्या लोकांचा किती फायदा आहे याचा हिशेब मांडून दाखवणाऱ्यांना बाबासाहेबांनी उलट सांगितले, की एवढा फायदा असेल तर तुम्हीच हे काम करा. 11 जुलै 2016 ला उना तालुक्यातल्या मोटा समढियाळाला मेलेली गाय सोलणाऱ्या तरुणांना काय झाले ते साऱ्या देशाने व्हिडिओत पाहिले. त्यानंतर गुजरातमधल्या आपल्या बांधवांनी सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीसमोर मेलेली गुरे नेऊन टाकली. त्या कृतीला महाडचाच वारसा आहे. आणि उपासकाने मांसाचा व शस्त्रांचा व्यापार करू नये हेही बुद्धवचनच आहे.

मग सुरीची विद्या जपा म्हणणे म्हणजे जातीचा धंदा गोंजारणे नव्हे काय? आमचे उत्तर असे आहे. बाबासाहेबांनी सोडायला सांगितली ती सक्ती आणि तो अपमान. 'जातिनिर्मूलना'त त्यांनी दाखवले की जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. तेव्हा काम सोडावे, पण कामातून हाताला आलेले ज्ञान का सोडावे? आमची कितीतरी मुले आज शल्यचिकित्सक आहेत, मोठ्या हॉटेलांत स्वयंपाकी आहेत, चामड्याच्या वस्तूंचे डिझाइन करतात. त्यांच्या हातातही सुरीच आहे, पण ती त्यांनी निवडली आहे. कुशल खाटीक आणि त्याचा अंतेवासी यांची उपमा सतिपट्ठानसुत्तात आली आहे, शरीराचे घटक वेगळे करून पाहण्यासाठी. उपमा खाटिकाच्या धंद्याची शिफारस करत नाही. पण शिष्यासाठी जो शब्द, तोच त्याच्या हाताखाली शिकणाऱ्यासाठी वापरला आहे हे विसरू नये. हाताने शिकणारासुद्धा तिथे विद्यार्थीच होता.

आणि ज्यांना निवड मिळाली नाही त्यांचे काय? कारखान्यात, गटारात, कचऱ्याच्या ढिगावर आजही बहुतेक हात आपलेच आहेत. कचऱ्यात फुटकी काच, दाढीची पाती, वापरलेल्या सुया असतात. त्यांच्या जखमेतून धनुर्वात येतो, कावीळ येते. नोंद मात्र अजूनही होत नाही.

कायदा आहे. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत बोटांचे हिशेब मांडलेले होते. अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्के गेली असे धरायचे, तर्जनी 14, मधले बोट 12, अनामिका किंवा करंगळी 7. ते वाचताना आम्हाला एकलव्य आठवला. द्रोणाने नेमके तेच बोट मागितले ज्याची किंमत सर्वांत जास्त! 1948 च्या फॅक्टरी कायद्याने प्रथमोपचाराची पेटी सक्तीची केली आणि 48 तास किंवा जास्त काम बंद पडेल अशा अपघाताची सूचना देणे मालकावर बंधनकारक केले. बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच काळात अडारकर यांचा कामगार आरोग्य विम्याचा अहवाल 1944 मध्ये आला आणि त्यातून 1948 चा ईएसआय कायदा उभा राहिला.

पण आमच्या ओळखीतल्या एका तरुणाचे बोटाचे टोक चामडे कापताना गेले, तेव्हा मालकाने पट्टी बांधली, हातात हजार रुपये ठेवले आणि सांगितले, "दवाखान्यात विचारलं तर घरी लागलं म्हण." तो तसेच म्हणाला. केसपेपरवर "घरी जखम" असे लिहिले गेले आणि भरपाईचा दावा तिथेच मेला. तुटलेले टोक त्याने फेकून दिले होते. ते स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी बर्फावर ठेवून नेले असते (बर्फ थेट लावायचा नाही), तर निदान प्रयत्न करता आला असता. हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. आम्हीही नाही. आमच्या अभ्यासवर्गात तोवर संविधानाच्या कलमांवर तीन व्याख्याने झाली होती, या विषयावर एकही नाही.

म्हणून जयंतीनंतरच्या रविवारी विहारात आम्ही एक वही ठेवली. वस्तीतल्या कोणालाही कामावर किंवा घरी कापले, टोचले, चिरले तर तिच्यात लिहायचे. तारीख, वेळ, ठिकाण, काय करत होता, हत्यार कोणते, धार कशी होती, साक्षीला कोण होते, दवाखान्यात काय लिहिले. दोषाचा रकाना ठेवलेला नाही. बोट बधिर झाले किंवा वाकेनासे झाले तर शीर किंवा स्नायूची दोरी तुटलेली असू शकते, तेव्हा पट्टीवर न भागवता मोठ्या दवाखान्यात जायचे, हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिले आहे. त्याखाली दुसरी सूचना आहे, की केसपेपरवर खरे ठिकाण लिहून घ्या आणि त्याचा फोटो काढा. भरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो, हे तिसरे.

पहिली नोंद त्या कांदा कापणाऱ्या मुलाची आहे. हत्यार सुरी, धार बोथट. त्यानंतरच्या सहा नोंदी काकांनी स्वतःच्या हातावरच्या खुणा दाखवून सांगितल्या आणि त्या लिहून घेतल्या त्याच पदवीधर कार्यकर्त्याने. सर्वांत जुनी खूण डाव्या अंगठ्याच्या बुडाशी आहे, कामाला लागले त्या पहिल्या आठवड्यातली. रापी स्वतःकडे ओढून चालवली होती, असे कारण लिहिले आहे. विहारातल्या सुऱ्यांना काकांनी धार लावून दिली आणि दगड तिथेच ठेवला. दर पौर्णिमेला संध्याकाळी ते धार लावायला शिकवतात. आपापल्या घरची सुरी घेऊन यावे, पाते कागदात गुंडाळून.